एकतीस नंबरची धावपट्टी

मुलगी जिथे विमान चालवायला शिकते तिथे टॉवर नाही, ही गोष्ट मला ती तिथे जाऊन बरेच महिने झाल्यावर कळली. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की विमानतळ म्हटला की काचेची उंच खोली असणारच. तिच्यात कानाला हेडफोन लावलेली माणसं बसलेली असणार आणि आकाशातल्या प्रत्येक विमानाला सांगत असणार, तू थांब, तू ये. आमच्या पनवेलला आता डोक्यावरून मोठी विमानं जातात. ती बघताना मला भीती वाटत नाही. त्यांच्यावर कोणाचं तरी लक्ष आहे हे मला ठाऊक आहे.

तिच्या विमानतळावर तसं कोणी नाही. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, शाळेचं ऑफिस आणि वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडी पिशवी. धावपट्टीच्या डागडुजीसाठी उड्डाणं बंद ठेवली होती आणि तिला रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा द्यायची होती, म्हणून ती काही दिवस घरी आली होती. तेव्हा रविवारी सकाळी पोहे खाताना हे बोलणं निघालं.

"मग उतरायला तुम्हाला सांगतं कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. आपणच सांगायचं."

"कोणाला?"

"जो कोणी ऐकत असेल त्याला. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. मी कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठल्या बाजूने उतरणार आहे, ते बोलायचं. बाकीचे ऐकतात आणि आपापलं ठरवतात. ऑफिसात सर रेडिओ लावून बसलेले असतात, पण ते काही गडबड वाटली तरच बोलतात."

"आणि एखाद्याने नाहीच ऐकलं तर?"

"ऐकतात गं आई."

नवरा म्हणाला, "म्हणजे आपल्या विचुंब्याच्या वळणावर हॉर्न मारतात तसंच की."

"अगदी तसंच, बाबा," म्हणून ती हसली.

मला हसू आलं नाही. त्या वळणावर रिक्षा आणि डंपर समोरासमोर आलेले मी स्वतः पाहिले आहेत. दोघांनीही हॉर्न मारले होते.

मी एका कंटेनर यार्डात नोंदणीच्या कामावर आहे. आमच्याकडे कंटेनरला डबाच म्हणतात. प्रत्येक डब्याच्या अंगावर चार अक्षरं आणि सात आकडे रंगवलेले असतात. त्यातला शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या सगळ्या अक्षरांचा आणि आकड्यांचा ठरावीक हिशेब करून तो काढलेला असतो. मधले दोन आकडे कोणी उलटसुलट सांगितले तर बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही, आणि संगणक तो डबा घेतच नाही. दिवसभर वॉकीटॉकीवर ही अक्षरं आणि हे आकडे ऐकणं आणि टिपणं हे माझं काम. त्यामुळे रेडिओवर माणसं कशी चुकतात हे मला पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही.

परीक्षेसाठी तिला समोर बोलायला कोणीतरी हवं होतं. नवऱ्याचं इंग्रजी तिच्या मते फार सावकाश, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या टेबलावर तिने माझी लाकडी फूटपट्टी ठेवली. ती झाली धावपट्टी. दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या, एकीवर तेरा, दुसरीवर एकतीस. तिचं विमान म्हणजे लिंबू आणि माझं विमान म्हणजे कांदा.

"मुलगी लिंबू आणि बायको कांदा," नवरा म्हणाला. "मला कोथिंबीर आणायला पाठवा आता."

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

पट्टी एक आणि आकडे दोन कसे, हे मी तिच्याकडून नीट समजून घेतलं. होकायंत्राचे तीनशे साठ अंश. पट्टीवर ज्या दिशेला तोंड करून उतरायचं त्या दिशेच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकायचं. एकशे तीस अंशांकडे तोंड असेल तर तेरा. त्याच पट्टीवर उलट्या बाजूने उतरायचं तर तीनशे दहा, म्हणून एकतीस. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं, त्यामुळे आज तेरा की एकतीस हे वारा ठरवतो. वायव्येचा वारा असला की एकतीस, आग्नेयेचा असला की तेरा. आणि रेडिओवर थर्टी-वन म्हणायचं नाही. आकडे सुटे बोलायचे. थ्री वन.

मला हे सगळं आवडलं होतं हे कबूल केलं पाहिजे. नियम स्वच्छ होते. पट्टीभोवती लांबट चौकोनात फिरायचं. पट्टीला समांतर जाणारी एक बाजू, ती डाउनविंड, मग पट्टीकडे वळण्याची आडवी बाजू, तिला बेस म्हणतात, आणि शेवटचं वळण घेऊन पट्टी समोर आली की फायनल. प्रत्येक वळणावर आपण कोण, कुठे आणि कुठली पट्टी, एवढं बोलायचं. ती लिंबू सरकवत बोलायची, मी कांदा सरकवत उत्तर द्यायचे. मध्येच मी कुकर बंद करायला उठायचे तेव्हा माझं विमान नवऱ्याच्या ताब्यात जायचं, आणि तो कांदा पट्टीच्या मधोमध उभा करून ठेवायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिला मुद्दाम घाई करत होते. परीक्षक तसंच करतात म्हणून तिनेच सांगितलं होतं. एकीकडे मी कांदा पुढे आणत होते आणि एकीकडे मराठीत विचारत होते, भाजीत गूळ घालू का, उद्या किती वाजता उठवू. लिंबाने शेवटचं वळण घेतलं आणि ती म्हणाली, "फायनल, रनवे वन थ्री."

मी कांदा खाली ठेवला. "कुठली पट्टी?"

"थ्री वन."

"तू वन थ्री म्हणालीस."

"छे. थ्री वनच म्हणाले."

पेपरामागून नवरा म्हणाला, "नाही गं, वन थ्रीच म्हणालीस. कांद्याने ऐकलंय."

ती गप्प झाली. मी आकड्यांकडे बघत होते. एकतीस वजा तेरा, अठरा. अठराला नऊने भाग जातो. बेरजेत फरक आला आणि तो नऊने भागला जात असला, तर आधी उलटे लिहिलेले आकडे शोधायचे, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. इथे शोधायला काहीच नव्हतं. चूक समोर टेबलावर होती आणि ती कशी होते हेही मला दिसत होतं.

आपण एकतीस म्हणतो तेव्हा आधी एक म्हणतो आणि मग तीस. लिहिताना तीन आधी आणि एक नंतर. सगळं आयुष्य आपण हे उलटसुलट करत असतो आणि आपल्याला ते कळतही नाही. मुलगी पाढे मराठीत शिकली, मनातल्या मनात अजून मराठीतच मोजते. डोकं शांत असलं की ती आकडा डोळ्यांपुढे आणून वाचते, थ्री वन. घाई झाली की डोक्यात शब्द येतो, एकतीस, आणि जीभ त्याच क्रमाने इंग्रजी करते. एक, वन. तीस, थ्री. यार्डात हे रोज होतं. तिथे तपासणीचा आकडा आहे म्हणून भागतं. धावपट्टीला तपासणीचा आकडा नाही.

बाकी कुठल्याही आकड्याची अशी चूक झाली असती तर ती लगेच पकडली गेली असती. सत्तावीस उलटं केलं तर बहात्तर, आणि बहात्तर नावाची धावपट्टी असूच शकत नाही. छत्तीसच्या पुढे आकडेच नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी एक ते छत्तीस सगळे आकडे तपासले. उलटे केल्यावर बरोबर त्याच पट्टीचं दुसरं टोक येतं अशा जोड्या दोनच निघाल्या. पहिली जोडी शून्य दोन आणि दोन शून्य. पण वीस म्हणताना कोणी अडखळत नाही. राहिली एकच जोडी, तेरा आणि एकतीस. छत्तीस आकड्यांमधून मराठी माणसाला चकवणारी एकच पट्टी होती, आणि माझी मुलगी तीच घेऊन बसली होती.

मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिला ते पटलंही. मध्यंतरी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जागी वीस एक असं आलं होतं तेव्हा घराघरांत त्याची थट्टा झाली होती. आमच्या घरातही झाली. नवरा कितीतरी दिवस मला चाळीस आठ वर्षांची बायको म्हणत असे. आता तीच म्हणाली, "मी मनातसुद्धा तीस एक म्हणत जाईन. एकतीस हा शब्दच काढून टाकते."

ती तसं करायलाही लागली. पण शब्द असा निघून जात नाही. त्या आठवड्यात तिने आणखी दोनदा वन थ्री म्हटलं, दोन्ही वेळा मी मराठीत काहीतरी विचारल्यावर. आणि त्यापेक्षा वाईट गोष्ट मला तेव्हा दिसली.

तिच्या पुस्तकात चुकीसाठी एक शब्द दिलेला आहे. चुकीचं बोलून गेलात तर "करेक्शन" म्हणायचं आणि लगेच बरोबर ते बोलायचं. माफी नाही, स्पष्टीकरण नाही. मला तो शब्द फार आवडला होता. यार्डात आम्ही चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारतो, वर बरोबर आकडा लिहितो आणि सही करतो, त्यातलाच हा प्रकार. पण मुलगी चुकली की करेक्शन म्हणत नव्हती. गप्प बसत होती. चेहरा लाल व्हायचा, ओठ मिटायचे. चौथीत असताना पाठांतर स्पर्धेत ती एक ओळ विसरली होती आणि बाई येऊन हाताला धरून खाली उतरवेपर्यंत माइकपुढे तशीच उभी होती. हुशार मुलांचं असं होतं, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

"बोल ना," मी म्हणायचे. "कांदा येतोय समोरून."

"सॉरी, सॉरी. परत पहिल्यापासून करूया."

"सॉरी कोणाला म्हणतेस? समोरून येणाऱ्याला तुझं सॉरी नको आहे, आकडा हवा आहे. आणि परत पहिल्यापासून कसं करणार? विमान मागे घेता येतं का?"

"आई, तू मला घाबरवतेस."

"हो. कारण मी घाबरले आहे."

ती उठून आत गेली. लिंबू घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, ते नवऱ्याने धरलं. तो हळू आवाजात म्हणाला, "एकदा सांगितलंस, तिला कळलं. आता रोज सांगू नकोस. तुझी भीती तिच्या डोक्यात बसली तर तिथे वर तिला कोण धीर देणार?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणूनच मला पुढचे दिवस जड गेले. सांगावं तर तिचा धीर जाणार, न सांगावं तर चूक तशीच राहणार. मी मधला मार्ग काढला. पट्टीचा विषय मी काढायचा नाही, पण सराव रोज करायचा, आणि ती चुकली तरी मी कांदा थांबवायचा नाही. कांदा येत राहील. बोलायचं की नाही ते तिने ठरवायचं. शेवटच्या दिवशी ती चुकली तेव्हा कांदा पट्टीच्या टोकाला टेकला, आणि मग ती अगदी हळू म्हणाली, "करेक्शन. थ्री वन." नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. उशीर झाला होता.

परीक्षा ती पास झाली. परीक्षकांनी दिलेली पट्टी दुसरी होती आणि तो प्रश्न आलाच नाही. परत जाताना मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली, तिने बॅग वर टाकली आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला.

"काळजी करू नकोस," ती म्हणाली.

"मी काही बोलले का?"

"नाही बोललीस. तेच दिसतंय."

त्यानंतरचे आठवडे मी कामावर नेहमीसारखी जात होते. फोन मात्र हातातून सुटत नव्हता. ती आता अधूनमधून एकटी विमान नेऊ लागली होती. उतरल्यावर तिचा मेसेज यायचा, एकच शब्द, "खाली". तो येईपर्यंत मी वॉकीटॉकीवर आलेले आकडे दोनदा विचारून घ्यायचे. क्रेनवाले वैतागायचे.

मग एका दुपारी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. ती घरी येऊन राहून गेलेली मुलगी, मला काकू म्हणते.

"काकू, ती आता एकटी वर गेलीय. मी ऑफिसात आहे, रेडिओ चालू आहे. तिला ऐकायचंय तुम्हाला?"

नको म्हणावं असं मला वाटलं. मी म्हटलं, "ऐकव."

"सर पलीकडे बसलेत. मी फोन स्पीकरजवळ धरते, मला बोलता येणार नाही. आणि तिला सांगू नका हं."

यार्डात दुपारी काही ऐकू येत नाही. ट्रेलर मागे घेताना वाजणारे भोंगे, साखळ्या, डब्यावर डबा ठेवल्याचे धक्के. मी धावत जवळच्या एका रिकाम्या डब्यात शिरले. आत शांत होतं, पण पोलादाच्या भिंतींमध्ये फोनची रेंज गेली. दारात आले तर रेंज आली आणि आवाज वाढला. शेवटी उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशी उभी राहिले, एका कानात बोट घालून. डबा उन्हात तापला होता. आतून जुन्या लाकडाचा आणि गंजाचा वास येत होता.

फोनमधून नुसती खरखर. मग तिचा आवाज. घरी असतो त्यापेक्षा खालच्या सुरातला, सपाट. तिच्या विमानाचं रेडिओवरचं नाव किलो होतं. "किलो, डाउनविंड, रनवे थ्री वन." मग बेस, थ्री वन. मग फायनल, थ्री वन. ती टेकून पुन्हा उडत होती, असा सराव करतात. दुसरी फेरीही बरोबर झाली. मी प्रत्येक वेळी तिच्या आधी मनात म्हणत होते, थ्री वन, थ्री वन. माझ्या म्हणण्याने काय होणार होतं कोण जाणे, पण मला थांबता येत नव्हतं.

तिसऱ्या फेरीला दुसरा आवाज आला. पुरुषाचा, भरभर बोलणारा. त्याच्या विमानाचं नाव डेल्टा. तो वायव्येकडून दहा मैलांवरून परत येत होता आणि कुठली पट्टी चालू आहे ते विचारत होता.

उत्तर कोणी द्यायचं? जो हवेत असेल त्याने. म्हणजे तिने. ती त्या क्षणी वळत होती, म्हणजे हात आणि डोळे विमानात गुंतलेले. तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "किलो, टर्निंग बेस, रनवे वन थ्री."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्याच भीतीने मला ते ऐकवलं. पण मी आकडे ऐकण्याचा पगार घेते. वन थ्रीच होतं.

डेल्टा वायव्येकडून येत होता. तेरा चालू असेल तर त्याला वळायचंसुद्धा कारण नव्हतं. नाकासमोर सरळ येऊन उतरता आलं असतं. आणि त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून माझी मुलगी उतरत होती, त्याच्याकडे तोंड करून.

"उलटं!" मी फोनमध्ये ओरडले. "उलटं बोलली ती! सरांना सांग! एकतीस, एकतीस!"

फोनमध्ये खरखर. मग डेल्टाचा आवाज, आता सावकाश. "किलो, से अगेन रनवे?"

आणि ती गप्प.

ती शांतता मला ओळखीची होती. माइकपुढे उभी असलेली चौथीतली मुलगी मला दिसत होती. तिथे तिला हाताला धरून खाली उतरवणारं कोणी नव्हतं. बोल, मी म्हणत होते, कांदा येतोय, बोल. मला वाटतं मी ते मोठ्याने म्हणत होते, कारण क्रेनवाला मशीन थांबवून खाली उतरला आणि माझ्याकडे आला.

"काय झाला ताई? कंचा डबा उलटा लागला?"

मी हाताने त्याला गप्प केलं.

खरखर थांबली. बटण दाबल्याचा टक् असा आवाज आला. आणि तिच्या तोंडून आधी एक मराठी शब्द निसटला, अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा. "तीस एक." मग स्पष्ट. "करेक्शन. किलो, बेस, रनवे थ्री वन. थ्री वन इन यूज."

"थ्री वन, डेल्टा," तो म्हणाला, आणि मग काहीतरी लांब वळसा घेऊन मागून येतो अशा अर्थाचं. ते मला नीट कळलं नाही. मी उंबऱ्यावर बसले होते. पोलाद चटका देत होतं.

"उतरली काकू," मैत्रीण कुजबुजली. "टेकली. बरोबर टेकली. सरांनी माइक उचलला होता, पण मग थांबले. म्हणाले, तिलाच म्हणू दे."

"थांबले?" मी म्हटलं. "थांबले कशाला?"

"दोनच सेकंद हो काकू."

मी ओरडले ते तिकडे कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. फोन स्पीकरजवळ धरताना मैत्रिणीने माझा आवाज बंद करून ठेवला होता. बरंच झालं.

क्रेनवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले आणि त्याला थोडक्यात सांगितलं.

"पोरगी हाय होय? आमी समजलो डबा," तो म्हणाला. मग आकाशाकडे बघत म्हणाला, "एकटी चालवते? बाबो. मी ह्या मशीनवर चरताना पन दोनदा मागं बगतो. तुमी घरी जावा ताई. आज तुमच्यानं आकडे होनार नाय."

मी घरी गेले नाही. आकडे टिपत बसले. बरोबर टिपले.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते आणि नवरा शेजारी बसून नेहमीसारखा काड्यांसकट पानं टाकत होता. फोन स्पीकरवर ठेवला.

"आज एकदा चुकले," ती म्हणाली.

"हो का," मी म्हटलं.

"तू ऐकत होतीस ना?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याला मी सांगितलं नव्हतं. "तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. कोणीतरी ऐकतंय असं धरूनच बोलायचं असतं. मी तूच आहेस असं धरते. ते सोपं जातं. चुकले की मला आधी कांदा दिसतो."

नवरा हसला. मी म्हटलं, "आवाज कापत नव्हता तुझा."

"बाहेर नाही कापत. आत कापतो. सर म्हणाले चालेल." मग ती म्हणाली, "उद्यापासून आठवडाभर रोज एकटीने जायचंय. झोपते आता, दमलेय."

"उद्या कुठली पट्टी?"

"ते आज कसं सांगू? वारा ठरवेल."

फोन ठेवल्यावर नवऱ्याने पानांतल्या काड्या वेगळ्या करायला घेतल्या. मग म्हणाला, "म्हटली ना शेवटी करेक्शन? मग आता तरी निश्चिंत हो."

म्हटली, हे खरं. वेळेत म्हटली, हेही खरं. पण एकदा वेळेत म्हटलं म्हणजे प्रत्येक वेळी म्हणता येईल असा हिशेब मला मांडता येत नाही. मी कितीही प्रयत्न केला तरी तो जुळत नाही.

तेव्हापासून मी सकाळी चहा ठेवायच्या आधी फोनवर तिच्या गावचं हवामान बघते. पाऊस किती, ऊन किती, याच्याशी मला देणंघेणं नाही. मी फक्त वाऱ्याचा बाण बघते. आग्नेयेचा वारा असला की त्या दिवशी पट्टी तेरा. तेरा म्हणताना काही उलटं होत नाही. अशा दिवशी मी डबा भरते, वेळेवर निघते आणि रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलतेसुद्धा.

आज वारा वायव्येचा आहे.